पेशीतल्या वाटांचे नकाशे

हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळद घेणारा व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो. तो पिवळा रंग कुरकुमिनचा. 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या वसमतच्या हळदीचं कौतुक करतानाही हे नाव हमखास निघतं. पण कुरकुमिन पेशीत जाऊन करतं काय?

उत्तरात बहुतेकदा एनएफ-केबी येतं. 1986 मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधलेलं हे प्रथिन एरवी आयकेबी नावाच्या दुसऱ्या प्रथिनानं जखडलेलं असतं. सूज आणणारा निरोप आला की आयकेके हे विकर आयकेबीवर फॉस्फेट चिकटवतं, आयकेबी मोडीत निघतं आणि मोकळं झालेलं एनएफ-केबी केंद्रकात शिरून जनुकं चालू करतं. कुरकुमिन ही साखळी अडवतं, असं 1995 पासून मांडलं जातंय.

ही साखळी प्रत्येक प्रयोगशाळेनं आपापल्या परीनं रेखाटली. एनएफ-केबीचा एकच घटक कुठे पी65, कुठे रेला. बाणाचा अर्थ तर विचारूच नका: चालना, फॉस्फेट की नुसतं स्थलांतर? माणूस अंदाजानं निभावून नेतो, संगणकाचं घोडं तिथेच अडतं. म्हणून अनेक देशांतल्या संशोधकांनी मिळून बायोपॅक्स हे लेखनमानक घडवलं; पहिली पातळी 2004 ची, तिसरी 2010 ची. त्यात बाण नसतो, नोंद असते: आधी काय होतं, नंतर काय झालं, कोणत्या विकरानं, पेशीच्या कोणत्या भागात आणि कोणत्या शोधनिबंधाच्या आधारे.

नोंदी मात्र माणसांनाच भराव्या लागतात. बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फॉर्मॅटिक्सनं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या साथीनं शोधनिबंध वाचून वाचून 20 संदेशमार्ग नोंदवले आणि 2010 मध्ये 'नेटपाथ' म्हणून खुले केले, तेही बायोपॅक्समध्ये. असल्या कामाला पारितोषिकं क्वचितच मिळतात, पण इतरांचं संशोधन त्यावरच चालतं.

मानकामुळे नोंद एकसारखी होते, खरी होतेच असं नाही. कुरकुमिन स्वतःच चमकतं, चाचण्यांत लुडबुड करतं; औषधरसायनतज्ज्ञांनी 2017 मध्ये याबद्दल कडक इशारा दिला. आधाराचा निबंध नोंदीला जोडलेला असल्यानं निदान दावा तपासता तरी येतो. माझ्या मते बायोपॅक्सची खरी कमाई हीच.

रिअॅक्टोम आणि विकिपाथवेज हे असेच संग्रह मोफत आहेत. हिंगोली-वसमतच्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिथे एनएफ-केबी शोधून एकेक पायरी मूळ निबंधाशी ताडून पाहावी. विकिपाथवेजवर चुकीची दुरुस्ती कुणालाही सुचवता येते.