मनोरा एक, कंपन्या अनेक : मोबाइल सेवेतील वीजबचतीचे गणित

बंगळुरूच्या उत्तरेकडील देवनहळ्ळी येथे मे २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि या परिसरात मोबाइल सेवेची मागणी वाढली. परंतु विमानांच्या सुरक्षिततेसाठी विमानतळाभोवती मनोऱ्यांच्या उंचीवर मर्यादा असते. मनोरा ठेंगणा असला की त्याचा आवाका घटतो. मग तेवढ्याच क्षेत्रासाठी अधिक मनोरे उभारावे लागतात आणि विजेचा खर्चही वाढतो. त्यातही प्रत्येक कंपनीने आपला मनोरा निराळा उभारला, तर हा खर्च कित्येक पट होतो.

योगायोगाने त्याच वर्षी, एप्रिल २००८ मध्ये, दूरसंचार विभागाने पायाभूत सुविधांच्या सामायिक वापराविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. अशा व्यवस्थेत जागा, मनोरा, बॅटऱ्या, जनित्र आणि वातानुकूलन यांचा वापर अनेक कंपन्या मिळून करतात. मोठी बचत होते ती जनित्रात. अल्प भारावर चालणारे डिझेल जनित्र प्रत्येक युनिटमागे अधिक इंधन जाळते. तीन कंपन्यांचा भार एकाच जनित्रावर आला, की ते अधिक कार्यक्षमतेने चालते. ही बचत किरकोळ नव्हे. देशातील मनोऱ्यांसाठी वर्षाला सुमारे २ अब्ज लिटर डिझेल लागते, असा अंदाज दूरसंचार नियामक प्राधिकरण अर्थात ट्रायने २०११ मध्ये मांडला होता.

तथापि मनोरा एक असला तरी त्यावरील रेडिओ यंत्रे बहुधा प्रत्येक कंपनीची स्वतंत्र असतात आणि विजेचा मोठा वाटा तीच घेतात. मध्यरात्री संभाषणे जवळजवळ थांबली, तरी ही यंत्रे वीज घेतच राहतात. खरी बचत हवी असेल तर यंत्रेही सामायिक व्हावयास हवीत. अँटेना व रेडिओ यंत्रणेपुरती ही मुभा २००८ मध्येच मिळाली होती. स्पेक्ट्रमच्या सामायिक वापराचे नियम मात्र २०१५ मध्ये आले. कंपन्या येथे हात आखडता घेतात, कारण जाळ्याची व्याप्ती हेच त्यांचे स्पर्धेतील भांडवल आहे. जेथे शासकीय निधी आहे, तेथे चित्र निराळे दिसते. जानेवारी २०२५ मध्ये डिजिटल भारत निधीतून उभारलेल्या सुमारे २७ हजार मनोऱ्यांवर एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीची फोर-जी सेवा वापरण्याची सोय सुरू झाली.

आणखी एक अडचण करारांतील आहे. मनोरा कंपनीला इंधनाचा प्रत्यक्ष खर्च जसाच्या तसा परत मिळत असेल, तर डिझेल वाचवून तिच्या पदरात फारसे काही पडत नाही. ठरावीक दराने रक्कम मिळणार असेल, तर वाचलेला प्रत्येक लिटर हा तिचा नफा ठरतो.