चौकटींतलें चित्र



मोबाइलच्या पडद्यावर आपण आप्तांचीं छायाचित्रें नित्य पाहतों. परंतु ज्या यंत्राला दृष्टि नाहीं, तें चित्र जपून कसें ठेवितें, हा विचार क्वचितच आपल्या मनांत येतो. वस्तुतः संगणक चित्र ठेवीतच नाहीं. तो केवळ अंक ठेवितो.

याचा प्रत्यय वर्गांतच घेतां येईल. वहीवर ५ आडव्या ओळींत प्रत्येकीं ५, अशा २५ चौकटी आंखा. एकानें अंक वाचावे. दुसऱ्यानें ‘१’ ऐकतांच चौकट काळी करावी व ‘०’ ऐकतांच कोरी सोडावी. आतां वाचा : ००१००, ००१००, १११११, ००१००, ००१००. कागदावर अधिकाचें चिन्ह उमटलेलें दिसेल! मुली दुसुतीवर टाके मोजून फूल भरतात, त्यांतलाच हा प्रकार. अशा प्रत्येक चौकटीस ‘पिक्सेल’ म्हणतात.

१९५७ सालीं अमेरिकेंतील नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेंत रसेल किर्श व त्यांचे सहकारी यांनीं किर्श यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचें छायाचित्र याच रीतीनें संगणकांत घातलें. ओळी १७६, आणि प्रत्येक ओळींत चौकटी १७६. म्हणजे एकंदर ३०,९७६. प्रत्येक चौकट एक तर काळी, नाहीं तर पांढरी. आज सामान्यतः प्रत्येक चौकटीस तांबडा, हिरवा व निळा या रंगांचे तीन अंक देतात. प्रत्येक अंक ० पासून २५५ पर्यंत असल्यामुळें १,६७,७७,२१६ छटा होऊं शकतात.

येथें पालकांनींही एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. गतवर्षीं आमच्या एका विद्यार्थ्याचे आजोबा निवर्तले. भिंतीवर लावण्यास त्यांचें मोठें छायाचित्र हवें होतें. परंतु मूळ चित्र पुसलें गेलें होतें. उरलें होतें तें मोबाइलवरून पाठवितांना लहान झालेलें. लांबी व रुंदी निम्मी झाली, कीं चौकटी चतुर्थांशच राहतात. मोठें करून छापतांच आजोबांच्या डोळ्यांच्या जागीं नुसत्या चौकटी दिसूं लागल्या. नवीं यंत्रें अशा उणिवा अनुमानानें भरून काढितात; परंतु तें अनुमान होय, आजोबांची मुद्रा नव्हे.

म्हणून मूळ चित्र जतन करून ठेवावें. जें एकदां मोजावयाचें राहिलें किंवा गाळलें गेलें, तें मागाहून चित्र कितीही मोठें केलें तरी सांपडत नाहीं.