द्राक्षबागेतील बिनपगारी राखणदार : ढालकिडा

द्राक्षाचा व्यापार करणाऱ्या बंधूंना हा अनुभव नवा नाही. वेलीवरचे घड पाहून बागेचा सौदा ठरतो आणि काढणीच्या वेळी घडाच्या आत पांढरा, कापसासारखा चिकट थर निघतो. हाच पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. तो रस शोषतो आणि चिकट गोड द्रव सोडतो. त्या द्रवावर काळी बुरशी चढते. असा माल पेटीत भरता येत नाही आणि भाव कोसळतो.

या किडीच्या अंगावर मेणचट आवरण असते व ती खोडाच्या सैल सालीखाली दडते. त्यामुळे फवारा तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. काढणी जवळ आल्यावर जहाल औषध मारावे, तर त्याचा अंश मण्यात राहतो. २०१० साली क्लोरमेक्वाट या संजीवकाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली होती. त्याचा फटका नाशिकला चांगलाच बसला.

येथे ढालकिडा उपयोगी पडतो. लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे आपण मावा पडलेल्या पिकावर पाहतो. मिलीबग खाणारा त्यांचा भाऊबंद म्हणजे क्रिप्टोलिमस. त्याची पाठ काळपट व डोके नारिंगी असते. १८९८ साली तो ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. हेक्टरी १५०० ते ५००० भुंगेरे सोडण्याच्या शिफारशी आहेत. ते सायंकाळी, कीड असलेल्या वेलींवर सोडावेत. मोठा भुंगेरा आणि अळी दोघेही मिलीबग खातात.

मात्र फसगत येथेच होते. क्रिप्टोलिमसची अळीही पांढरी व पिठूळ दिसते. मजूर तिलाच कीड समजून चिरडतात किंवा वरून फवारणी करतात. ओळख सोपी आहे : काडीने हलवल्यास अळी भरभर चालू लागते, मिलीबग मात्र सुस्त असतो. शिवाय गोड द्रवासाठी मुंग्या मिलीबगची राखण करतात व ढालकिड्यांना हुसकावतात. म्हणून आधी मुंग्यांचा बंदोबस्त करावा, सैल साल काढून नष्ट करावी आणि भुंगेरे सोडल्यावर जहाल कीटकनाशक टाळावे. फार कीड वाढल्यावर ढालकिडा एकटा पुरा पडत नाही. सुरुवातीलाच सोडला तर फायदा होतो.

यात धंद्याचीही वाट आहे. हे भुंगेरे पिकलेल्या लाल भोपळ्यावर मिलीबग वाढवून, बारीक जाळीच्या लाकडी पेट्यांत तयार करतात. अशा पेट्या बनवणे सुताराला अवघड नाही. भुंगेरे तयार करण्याचे काम मात्र कृषी विद्यापीठाकडून किंवा पुण्याजवळील मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून नीट माहिती घेऊनच सुरू करावे.

व्यापारी बंधूंनी पुढच्या सौद्याआधी घड उलटून पाहावा, सालीखाली नजर टाकावी आणि शेवटची फवारणी कशाची व कधी झाली हे बागाईतदाराला विचारावे. विसार दिल्यानंतर ही चौकशी करून उपयोग नाही.