वाटा दोन, क्रम एक

उजनी धरणाचे पाणी डाव्या कालव्याने, उजव्या कालव्याने आणि भीमा-सीना जोडबोगद्यानेही बाहेर पडते. कुठले पाणी आधी पोचले याचे उसाला काही नसते, कारण पाण्याला क्रमांक नसतो. नेटवर्कच्या पॅकेटला तो असतो. एकाहून अधिक जोडण्यांवर पॅकेटे वाटण्याचा लिनक्स कर्नलचा गेल्या तीसेक वर्षांचा प्रवास या फरकाभोवतीच फिरला आहे. १९९०च्या दशकात साध्या संगणकांचे बेवुल्फ समूह उभे राहत असताना डोनाल्ड बेकर यांनी जोडण्या एकत्र बांधणारा बाँडिंग ड्रायव्हर लिहिला. त्यातली सर्वांत सरळ रीत पाळीपाळीची : एक पॅकेट या तारेवर, पुढचे त्या. वाटप अगदी समान, पण किंमत मोठी. समजा, कंदर गावातल्या एखाद्या केळी निर्यातदाराने एक जलद आणि एक संथ जोडणी अशी एकत्र बांधली. तिसरे, पाचवे, सातवे पॅकेट पोचते. दुसरे अजून वाटेतच असते. घेणारा संगणक दुसऱ्याची मागणी करत तीच पोच पुन्हा पुन्हा धाडतो. अशा तीन पोचा आल्या की पाठवणाऱ्याकडचे टीसीपी सर्वसाधारणपणे पॅकेट हरवले असे धरते, ते पुन्हा पाठवते आणि वेग कमी करते. प्रत्यक्षात काहीच हरवलेले नसते.

राउटिंगमध्येही हाच धडा उशिरा गिरवला गेला. जुना राउट कॅशे एका ठिकाणाची पॅकेटे आपसूक एकाच वाटेवर ठेवत असे. २०१२मध्ये ३.६ आवृत्तीत तो काढला आणि वाटप पॅकेटागणिक होऊ लागले. जानेवारी २०१६च्या ४.४ आवृत्तीने पत्त्यांवरून हॅश नावाचा ठरावीक आकडा काढून एका प्रवाहाला एकच वाट दिली, २०१७च्या ४.१२मध्ये पोर्टही हिशेबात घेण्याची सोय झाली. यावर आक्षेप असा की, एकच मोठी फाइल जात असेल तर दुसरी जोडणी रिकामीच राहते, आणि चार संगणकांच्या ग्रामपंचायतीत हॅशचे वाटप सहज विषम पडते. दोन्ही आक्षेप खरे आहेत. पण त्यांचे उत्तर पाळीपाळीकडे परतण्यात नाही. २०२०मध्ये ५.६ आवृत्तीत आलेल्या मल्टिपाथ टीसीपीने एक प्रवाह अनेक वाटांवर नेला, तो स्वतंत्र अनुक्रमांक लावून आणि जुळणीचे काम दोन्ही टोकांवर सोपवून. क्रम सांभाळल्याशिवाय वाटप नाही, हे त्यानेही मान्यच केले.

धरणाकाठच्या गावांना मात्र वेगाहून जास्त गरज आहे ती अखंडतेची; एक तार तुटली की दुसरीने काम उचलणारी बाँडिंगची साधी रीत तिथे अधिक मोलाची. पण दोन्ही जोडण्या पुढे एकाच फायबरवर जात असतील, तर कर्नल काहीही करू शकत नाही. ऑगस्ट २०२३मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट योजनेत ग्रामपंचायती वलयाकार जोडण्याची तरतूद आहे, ती याचसाठी. म्हणून दुसरी जोडणी घेणाऱ्या ग्रामपंचायतीने दर आणि वेग विचारण्याआधी एक विचारावे : ही तार गावात कुठल्या रस्त्याने येते?