जुना प्लेस्टेशन २ घ्यावा की एक्सबॉक्स ३६०?

मुलांना टीव्हीवर गेम खेळायचा आहे, पण नव्या प्लेस्टेशन ५ चा खर्च झेपणारा नाही. अशा वेळी जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत दोन नावं हमखास दिसतात: सोनीचा प्लेस्टेशन २ आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६०. पहिल्याचं उत्पादन २०१३ च्या सुरुवातीला थांबलं, दुसऱ्याचं २०१६ मध्ये. म्हणजे यातला कुठलाही घेतला आणि बिघडला, तर कंपनीकडे दाद मागता येणार नाही. म्हणून ‘कोणता जास्त ताकदवान’ यापेक्षा ‘आपल्या घरी कोणता टिकेल’ हा प्रश्न आधी विचारायला हवा.

सोलापूरकरांसाठी टिकण्याचा प्रश्न थेट उन्हाशी जोडलेला आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या आसपास जातो आणि मुलांची सुट्टीही तेव्हाच असते. एक्सबॉक्स ३६० चे २००५ पासूनचे सुरुवातीचे नमुने नेमके उष्णतेपायीच बदनाम झाले. यंत्र चालू असताना तापतं, बंद केल्यावर थंड होतं. या सततच्या ताणाने ग्राफिक्स चिपच्या आतले सूक्ष्म जोड तुटायचे आणि बटणाभोवती तीन लाल दिवे लागून यंत्र कायमचं मुकं व्हायचं. तक्रारी इतक्या वाढल्या की जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यापोटी शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. २०१० मध्ये आलेल्या ‘एस’ नमुन्यात प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपवर आणले, त्यामुळे उष्णता बरीच कमी झाली. म्हणून कमरेत बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद असा जुना नमुना कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. ‘एस’ किंवा २०१३ चा चौकोनी ‘ई’ बघा. तोही टीव्हीखालच्या बंद कप्प्यात कोंबू नका आणि धूळ बसू नये म्हणून चालू यंत्रावर चादर तर मुळीच टाकू नका, मग ती अस्सल सोलापुरी असली तरी!

प्लेस्टेशन २ या बाबतीत सोशिक आहे. त्याचं दुखणं वेगळं: डिस्क वाचणारी लेन्स. यंत्र किमान दहा-बारा वर्षांचं असणार, त्यामुळे लेन्स थकलेली असू शकते. काही गेम निळसर सीडीवर येतात, बाकीचे चंदेरी डीव्हीडीवर. कधीकधी लेन्स एक प्रकार वाचते, दुसरा नाही. घेताना दोन्ही लावून बघा. आठ एमबीचं मेमरी कार्ड सोबत आहे ना, हेही विचारा. ते नसेल तर गेम सेव्ह होत नाही आणि रोज पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मग टीव्ही. घरी डबा टीव्ही असेल तर प्लेस्टेशन २ लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरने लगेच जोडता येतो. सपाट टीव्हीवर मात्र त्याचं चित्र धूसर दिसतं, आणि काही नव्या टीव्हींना ती पिनच नसते. एक्सबॉक्सच्या ‘एस’ आणि ‘ई’ दोन्हींना एचडीएमआय आहे. उलट डबा टीव्हीवर एक्सबॉक्सच्या बऱ्याच गेममधली बारीक अक्षरं वाचता येत नाहीत.

गेममध्ये आपल्याकडे निर्णय बहुधा क्रिकेटवर येतो. ‘क्रिकेट ०७’ प्लेस्टेशन २ आणि कॉम्प्युटरवर आला, एक्सबॉक्स ३६० वर कधीच नाही. पण घरी जुना कॉम्प्युटर असेल तर एवढ्यासाठी प्लेस्टेशन घेण्यात अर्थ नाही. एक्सबॉक्सवर ‘अ‍ॅशेस क्रिकेट २००९’, ‘इंटरनॅशनल क्रिकेट २०१०’ आणि ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’ आहेत. शेवटचा तिन्हींत सरस. प्लेस्टेशन २ वर ‘देसी अड्डा’ हा कबड्डी आणि पतंगांचा भारतीय गेमही २००९ मध्ये आला होता, मौजेखातर लक्षात ठेवा. एक्सबॉक्स ३६० चं ऑनलाइन दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झालं आहे, तेव्हा नवे गेम आता डिस्कवरच शोधावे लागतात. आणि ‘जीटीए’ दोन्हींवर आहे, पण तो मोठ्यांसाठीचा गेम आहे. विकणारा हे सांगेलच असं नाही.

माझा कल स्पष्ट आहे: सपाट टीव्ही असेल तर हार्ड डिस्कसह एक्सबॉक्स ‘एस’, डबा टीव्ही आणि लहान मुलं असतील तर प्लेस्टेशन २.

पैसे देण्याआधी यंत्राच्या आणि अडॅप्टरच्या पट्टीवरचे व्होल्ट वाचा. अमेरिकेहून आलेल्या यंत्रावर ११० किंवा १२० च्या आसपासचा आकडा असेल, तर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये ते जळू शकतं. दुकानातच अर्धा तास खेळून बघा, दोन्ही रिमोटची सगळी बटणं दाबा. एक्सबॉक्स चालू असताना मात्र तो उभ्याचा आडवा करू नका, आतल्या डिस्कवर गोल ओरखडा उठतो आणि ती डिस्क वाया जाते.