पिवळा रुपया

मृगाच्या तोंडावर रिसोड तालुक्यातल्या एका गावी बीजप्रक्रिया दाखवायला गेलो होतो. काम आटोपल्यावर एका शेतकऱ्याने मला बाजूला घेतले आणि रुमालाची गाठ सोडली. "साहेब, हे पाहा बरं जरा. सोन्याचं हाये म्हणते." रुमालात एक रुपयाचे नाणे, सन १९९८ चे, पण पिवळेधमक! बाजारात सुट्ट्या पैशांत आलेले. फोनवर कोणीतरी त्याचे तीन लाख कबूल केले होते. मात्र आधी 'नोंदणी'चे साडेचार हजार पाठवायचे होते. सोयाबीनच्या बियाण्याला काढून ठेवलेले पैसे त्याच्या दुसऱ्या खिशात होते.

मी म्हटले, पैसे तसेच राहू द्या, आधी नाणे तपासू.

जुन्या रेडिओच्या कर्ण्यातला लोहचुंबक मिळाला. नाणे टपकन चिकटले. १९९२ पासून काही वर्षे निघालेला रुपया हा स्टेनलेस पोलादाचा, चुंबकाला धरणारा. सोने कधी चिकटत नाही. पण एवढ्यावर थांबू नका, कारण पितळ, तांबे आणि चांदीही चिकटत नाहीत. म्हणजे चिकटले तर सोने नाही हे नक्की; न चिकटले तर काहीच ठरत नाही.

खरा साक्षीदार वजन. सोनाराच्या काट्यावर आधी हे नाणे ठेवले, मग त्याच काळातला साधा रुपया. दोन्ही ४.८५ ग्रॅमच्या आसपास. सोने पोलादाच्या जवळजवळ अडीचपट जड असते. तेवढ्याच आकाराचा रुपया सोन्याचा असता तर बारा ग्रॅमच्या वर, म्हणजे तोळ्याहून जास्त भरला असता. मुलाम्याचा थर इतका पातळ की काट्यावर त्याचा पत्ता लागत नाही. टांकसाळीत क्वचित चुकून दुसऱ्या नाण्याची चकती छापाखाली जाते, हे खरे. पण मग वजनही त्या दुसऱ्या नाण्याचे येते. वजन आपल्याच जातीचे आणि रंग तेवढा परका, तर नाण्याला कोणीतरी पाणी चढवले असे समजावे.

मग भिंगातून कडा पाहिली. जिथे बोटे घासतात, त्या कणसांच्या उंचवट्यावर पिवळेपणा उडून पांढरी धातू डोकावत होती. खोलगट भागात मात्र रंग ताजा. अक्षरांच्या धारा किंचित बुजल्यासारख्या.

हे पाणी चढते कसे, ते संत्र्याच्या बागाइतदारांना सांगायला नको. बोर्डो मिश्रण करताना आपण त्यात लोखंडी विळा बुडवून पाहतो. चुना कमी पडला असेल तर पात्यावर तांबूस थर बसतो, कारण मोरचुदातले तांबे लोखंडावर येऊन बसते. म्हणून विळा तांब्याचा झाला असे आपण म्हणत नाही. मुलामेवाला विजेच्या साहाय्याने हेच करतो. देवघरात ठेवायला, भेट द्यायला अशी नाणी करून विकतात. त्यात चोरी नाही. चोरी पुढे होते, ती फोनवर.

आजीच्या पेटीतल्या चांदीच्या रुपयाचीही अशीच परीक्षा करावी. राणीछाप रुपया बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम. झिजला असेल तर थोडा कमी. १९४० पासून त्यात चांदी निम्मीच राहिली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा. त्यावर चांदीचे पाणी देऊन कोणी आणला तर लोहचुंबक लगेच चुगली करतो. नाणे कानशीने घासू नका, तेजाब लावू नका. खरे निघाले तर घासलेल्याची किंमत उतरते.

खरे जुने नाणे चकाकतच नाही, असा माझा अनुभव आहे. आपल्याच मंगरूळपीर भागात तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहन राजांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. हजाराच्या वर नाणी, तांबे-कथील-शिशाच्या मिश्रणाची, मळकट. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती. वा. वि. मिराशींनी त्यांचा अभ्यास करून राजांची नावे लावली. नांगराच्या फाळाला असे काही लागले तर चिंचेने घासत बसू नका. १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते. तहसीलीत वर्दी द्या.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही, त्यासाठी फी घेत नाही आणि कोणाला नेमलेलेही नाही. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. उशीर झाला की हाती लागत नाहीत.

आमच्या शेतकऱ्याने त्याच सायंकाळी बियाण्याच्या दोन पिशव्या उचलल्या. पिवळा रुपया त्याने धाकट्या पोरीला दिला. "साहेब, तो फोनवाला पुन्हा बोलला तर काय सांगू?" मी म्हटले, सांगा, साडेचार हजार तुमच्या तीन लाखांतून कापून घ्या आणि बाकीचे पाठवा. दुसऱ्या दिवसापासून तो फोन आला नाही.