फिल्टरला शाम्पूचा वास

माणगावहून पुण्याकडे येताना ताम्हिणीच्या चढावर गाडीला धाप लागली. एरवी तिसऱ्या गिअरवर चढणारी माझी जुनी, कार्बोरेटरवाली गाडी दुसऱ्यावरही कुंथायला लागली. मूठ पिळली की आवाज वाढे, वेग नाही. मागे काळा धूर. वरून जुलैचा पाऊस कोसळत होता, तेव्हा दोष कुणाचा हे मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं. घाट संपल्यावर जे पहिलं गॅरेज दिसलं तिथं थांबलो. मेस्त्रींनी बाजूचं पॅनल उघडलं, एअर फिल्टर काढला आणि दाखवण्याऐवजी थेट माझ्या नाकाशी धरला.

‘‘वास घ्या.’’

शाम्पू! आदल्या संध्याकाळी तांबड्या चिखलाने माखलेली गाडी मी वॉशिंग सेंटरवर धुऊन घेतली होती.

एक लिटर पेट्रोल नीट जळायला त्याच्या वजनाच्या साधारण 14.7 पट हवा लागते. वजन सोडा, आकारमान बघा: सुमारे 9,000 लिटर हवा. म्हणजे पाण्याचा मोठा टँकर जवळजवळ भरेल इतकी हवा, एका लिटरमागे. ही सगळी हवा त्या वहीएवढ्या फिल्टरच्या घड्यांमधून गाळून जाते. कागद भिजला की त्याची छिद्रं पाण्याने बुजतात. कार्बोरेटरला याची खबर नसते. हवा कमी, पेट्रोल मात्र जवळपास तेवढंच. म्हणून काळा धूर, काजळी धरलेला प्लग आणि गेलेला पिकअप. 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांमध्ये बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आहे. ते पेट्रोलचा हात आखडता घेतं, त्यामुळे धूर फारसा दिसत नाही. पण श्वास कोंडलेलाच, आणि जोर जातो तो जातोच.

पाऊस मात्र या फिल्टरपर्यंत सहसा पोचत नाही. फिल्टरचा डबा सीटखाली किंवा बाजूच्या पॅनलमागे असतो आणि हवा आत घेणारं त्याचं तोंड उंचावर, आडोशाला ठेवलेलं असतं. वरून पडणाऱ्या थेंबाला तिथं जायचं तर वळसा घालून पुन्हा वर चढावं लागेल. वॉशिंग सेंटरचा जेट मात्र खालून, तिरका, सीटच्या फटीत घुसतो आणि हा वळसा एका फटक्यात पार करतो. बाकीची वाट आपण मोकळी करून देतो. मागचं मडगार्ड ‘लुक’साठी कापायचं, पॅनलचा तुटलेला कान तसाच ठेवायचा, किंवा डबाच काढून कार्बोरेटरच्या तोंडावर उघडा, शंकूसारखा फिल्टर बसवायचा. तो फिल्टर उन्हाळ्यात आवाज झकास देतो, एवढं मान्य.

यावर घरगुती उपाय म्हणजे फिल्टरवर प्लास्टिकची पिशवी. माझ्या एका मित्राने ती खरंच बांधली होती. पाणी अडलं, हवाही अडली. गाडी गल्लीच्या तोंडाशी बंद. धुताना पिशवी लावा, चालवताना काढा, हे ठीक. उघडाच फिल्टर असेल तर पाणी झिरपू न देणारं पातळ जाळीदार कापडी कव्हर मिळतं, पण त्याचाही भरवसा शिंतोड्यांपुरताच.

तुंबलेल्या रस्त्याचं प्रकरण वेगळं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईभर गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पाणी डब्याच्या तोंडापर्यंत पोचलं की इंजिन हवेऐवजी तेच ओढतं. शंभर सीसीच्या इंजिनात पिस्टन अगदी वर येतो तेव्हा वर जेमतेम अकरा मिलिलिटर जागा उरते, चहाचे दोन चमचे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. जास्तीचं पाणी आत असताना पिस्टन जोराने वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ नाही, किक नाही. ढकलत बाहेर काढा. प्लग खोलून मगच किक मारा. पाणी असेल तर पिचकारी उडते. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर ते बदलल्याशिवाय हलू नका.

मेस्त्रींनी मग डब्याच्या बुडाशी हात घातला. तिथं एक छोटी रबरी नळी असते, टोकाला बूच. बूच उपसताच कपभर काळपट, तेलकट पाणी फरशीवर सांडलं. इतकी वर्षं गाडी चालवतोय, ही नळी मी पहिल्यांदा पाहिली. फोमचा फिल्टर असता तर साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, थोडं ऑइल चोळून पुन्हा बसवता आला असता. माझा कागदाचा. मी म्हटलं, हवा मारून सुकवा. ‘‘फाटेल,’’ म्हणाले, आणि नवा काढला.

पुढच्या रविवारी पुण्यात गाडी धुवायला नेली. पोराला सांगितलं, सीटखाली पाइप मारायचा नाही, तिथं फडक्याने पूस. त्याने पाइप खाली केला आणि माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, ‘‘काका, मग ‘फुल वॉशिंग’चे पैसे कशाला देताय?’’